न प्यायलेली कॉफी

उम्म जुमा आमच्या घरी कधी पुढच्या दाराने आली नाही. पुढच्या दाराला घंटी होती, पायपुसणं होतं, बाबांच्या नावाची पितळी पाटी होती. मागच्या भिंतीत मात्र एक पत्र्याचं दार होतं, बकऱ्यांनी शिंगं घासून पोचे पाडलेलं, आणि ते तिच्या अंगणात उघडायचं. त्यावर ती तळहाताने थाप मारायची. एसीच्या घरघरीतूनही ती थाप स्वयंपाकघरापर्यंत पोचायची, आणि माझा धाकटा भाऊ निनाद, तेव्हा अगदी लहान, "शी केम, शी केम" करत धावत सुटायचा. आम्ही भावंडं इंग्रजीतच बोलायचो. आई मराठीत विचारायची, आम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचो, आणि घरकामाला असलेली यमूमावशी दोन्हींकडे बघून हसायची.

फुजैरात तेव्हा आमच्यासारखी मराठी कुटुंबं थोडी होती. एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि समुद्रात तेल भरून घ्यायला थांबलेल्या बोटी, इतक्या की लहानपणी मला त्या पलीकडे दुसरं गाव आहे असंच वाटायचं. बाबा त्या बोटींना तेल पुरवणाऱ्या कंपनीत होते. टाकीच्या माथ्यावर चढून आत फीत सोडायची, आत किती तेल उरलंय ते मोजायचं, आणि बोटीत गेलेल्या तेलाशी ते जुळतं का बघायचं, असं त्यांचं काम. त्यांच्या शर्टांना धुऊनही तेलाचा वास यायचा. घरात कुणी "खूप" किंवा "थोडं" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. किती, ते सांगा. मी पुढे हिशेब तपासण्याच्या धंद्यात पडले ते त्यांच्याचमुळे, आणि म्हणून या प्रकरणात जे मला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असंच लिहिणार आहे. आई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. भाजीवाल्याने भाव सांगितला की ती मोठ्याने आठाने गुणायची आणि जुडी परत ठेवायची. दिरहमला आठ रुपयांहून थोडे जास्तच पडत असत, पण आठाचा पाढा तोंडपाठ होता.

घर यमूमावशी चालवायची. गुहागरकडची, विधवा, बाबांच्या व्हिशावर आलेली. तिची भाकरी थापण्याचा आवाज आणि मशिदीतली पहाटेची बांग या दोन्हींनी मिळून मला जाग यायची. मासळीबाजारात तिला भाषा लागत नसे. सुरमईला तिथे कनद म्हणायचे, तेवढा एक शब्द तिने घेतला होता; बाकी ती माशाचा कल्ला उचलून आत बघायची आणि विकणाऱ्याकडे असं तोंड करायची की तो स्वतःच भाव उतरवायचा. गावाहून आणलेलं कुळथाचं पीठ ती पुरवून पुरवून वापरायची. आमची जेवणं झाली की स्वयंपाकघरात ओट्याशी जमिनीवर बसकूर टाकून ती जेवायची. तिला तसं बसायला कुणी सांगितलं होतं असं मला आठवत नाही. कुणी वर बसायला सांगितल्याचंही आठवत नाही.

उम्म जुमाकडे असं नव्हतं, आणि हा फरक मला कळायच्या आधी माझ्या पोटाला कळला होता. शुक्रवारी दुपारी तिच्या अंगणात बोराच्या झाडाखाली सतरंजी अंथरून एकच मोठं ताट मधोमध यायचं. त्यात भात, वर मासा, वाळवलेल्या काळ्या लिंबाचा आंबूस वास. त्या एका ताटाभोवती सगळे: तिचा नगरपालिकेत नोकरी करणारा मुलगा जुमा (त्याच्यावरूनच ती उम्म जुमा, जुमाची आई), त्याची बायको, नातवंडं, गल्ली झाडणारा बंगाली कामगार, आणि बऱ्याचदा मी. झाडणारा हात धुऊन लांब उभा राहायचा. तो बसेपर्यंत उम्म जुमा ताटात हात घालायची नाही, आणि ती हात घालेपर्यंत बाकीचे उपाशी. जुमा कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, यल्ला, बस बाबा, भात थंड होतो. माशाच्या डोक्यातला चांगला भाग ती स्वतः काढून त्या माणसासमोर ठेवायची. पहिल्यांदा मला वाटलं, तो तिच्या नात्यातला असेल.

ती काळीसावळी, उंच, हाडापेराने रुंद बाई होती. आमच्याशी हिंदीत बोलायची. तिच्या हिंदीत बलुची होती, अरबी होती, आणि क्रियापदं स्वतःच्या सोयीची. तिची गोष्ट मला एका बैठकीत मिळाली नाही. खजुराच्या बिया काढताना थोडी, बकरीला औषध पाजताना थोडी, अशी मिळाली, आणि माझ्याकडे तिचा पुरावा नाही. ती समुद्रापलीकडे, बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्यावर जन्मली. तिचं नाव माहगंज. निनादएवढी नाही, पण माझ्याहून लहान असताना तिला आणि तिच्या चुलत बहिणीला पाण्याच्या वाटेवरून उचललं, होडीतून या किनाऱ्याला आणलं आणि अल ऐनच्या बाजूला खजुराच्या बागा असलेल्या एका घराला विकलं. बहीण दुसऱ्या कुणाला गेली. ती पुन्हा दिसली नाही. त्या घराने तिचं नाव बदललं. काय ठेवलं होतं, असं मी विचारलं, तर तिने बकरीचं तोंड धरूनच मान हलवली. ते नाव तिने आयुष्यात परत उच्चारलं नाही आणि मलाही सांगितलं नाही.

तिथून ती पळाली तेव्हा तरुण होती. शारजात इंग्रजांची कचेरी होती आणि कचेरीच्या अंगणात झेंड्याचा खांब. गुलामाने येऊन त्या खांबाला हात लावला की त्याला परत धन्याकडे पाठवायचं नाही, चौकशी करून सुटकेचा कागद द्यायचा, असा तिथला रिवाज होता. बागेतल्या बायकांत ही गोष्ट कुजबुजीत फिरायची, पण खांब पाहिलेली कुणी नव्हती. ही उंटांच्या तांड्यामागून चालत गेली. खांबाला नुसता हात नाही, दोन्ही हातांनी मिठी घातली. कारकून म्हणाला, झालं, आता सोड, सावलीत बस. हिने सोडलं नाही. पाणी दिलं तर हात सुटतील म्हणून प्यायली नाही. शेवटी कुणीतरी तांब्या तिच्या तोंडाला लावला. कागद हातात पडेपर्यंत ती खांबालाच होती. हे सांगताना ती आमच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीच्या खांबाला मिठी मारून दाखवायची आणि हसायची. तिचे पुढचे दात नव्हते.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती परत गेली. सुटका झालेली बाई, हातात कागद, आणि ती त्याच बागांकडे गेली, जिथे पाण्याच्या पाटावर बायका कपडे धुवायला येतात तिथे बसली, आणि प्रत्येकीला सांगत सुटली की खांब आहे, मी पाहिलाय, चुन्याने रंगवलेला आहे, वाट अशी अशी जाते. एकदा तिला धरून मारलं. ती बरी झाली आणि दुसऱ्या पाटावर गेली. किती बायका गेल्या तुझ्या सांगण्यावरून, असं मी विचारलं. मला आकडा हवा होता. ती म्हणाली, मोजत बसले असते तर पुढची राहिली असती. पुढे कायद्याने गुलामी संपली. ती म्हणायची, शब्द संपला. ताट वेगळंच राहिलं, नमाजानंतरच्या मेजवानीत बसायची जागा वेगळीच राहिली, आणि जुमाचं लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी "हे त्या लोकांतले" म्हणून आवाज खाली केला, तेव्हा हिने आपला वर केला.

आमच्या काळात ती साठीच्या पुढे होती आणि तिचं काम चालूच होतं. गल्लीतल्या कुठल्या घरात मोलकरणीला शुक्रवारची सुट्टी नाही, कुठल्या गाळ्यातल्या पोरांना उन्हात पाणी मिळत नाही, हे तिच्यापर्यंत यायचं. ती काळी अबाया डोक्यावरून ओढून त्या घरी जायची, बसायची, आणि काम साधून परत यायची. ती तिथे करते काय, हे आम्हाला माहीत नव्हतं. अरबांच्या घरात आमचं जाणंयेणं नव्हतं. बाबा म्हणायचे, म्हातारी भांडत असेल. ती भांडत नव्हती, हे आम्हाला आमच्याच दिवाणखान्यात कळायचं होतं.

यमूमावशीचा पासपोर्ट बाबांच्या लोखंडी कपाटात होता. हे कुणी लपवलं नव्हतं. आमचे पासपोर्ट, विम्याचे कागद, आईच्या बांगड्या आणि तिचा पासपोर्ट, सगळं एका खणात, किल्ली आईच्या गादीखाली. आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या घरात कामाला बाई होती तिथे असंच होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. हरवेल, पडेल, कुणी फसवून घेईल, म्हणून सांभाळून ठेवलाय, असं म्हणायचं. आज मी माझ्या घरात कामाला येणाऱ्या बाईचं आधारकार्ड मागते तेव्हा झेरॉक्स काढून मूळ तिच्या हातात देईपर्यंत मला चैन पडत नाही, आणि ती मला थोडी वेडी समजते.

त्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी मावशीच्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं. शुक्रवारी टेलिफोन बूथवरून गावातल्या दुकानाच्या फोनवर ती बोलायची, तिथे कळलं. मुलीचं पहिलंच बाळंतपण. सासरी सासू नव्हती, आणि माहेर म्हणजे ही. ही इथे. मावशीने दोन आठवडे काही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी बाबा बूट काढत असताना, आधी सरबत देऊन, तिने विचारलं: सातव्या महिन्याला जाऊ का. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. करार दोन वर्षांचा आहे, अजून दहा महिने बाकी आहेत, निनाद लहान आहे, आईला रजा नाही, ती गेली तर आईची नोकरी जाईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मावशी म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या कडक झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तिने पासपोर्ट मागितला.

"कशाला हवाय?" आईने विचारलं.

"कशाला नाय. माझ्याजवळ असावा."

आई म्हणाली, अगं, तो काय कुठं पळून जातोय? मावशी भांडी घासायला वळली. बाबा रात्री आईला म्हणाले की आता तर मुळीच द्यायचा नाही, ती न सांगता निघून जाईल. भिंत पातळ होती. मी ऐकलं, आणि स्वयंपाकघरात झोपणाऱ्या मावशीनेही ऐकलं असणार.

उम्म जुमाला मी सांगितलं. मला कुणी सांगायला पाठवलं नव्हतं. मावशी त्या अंगणात खजूर निवडायला बसायची आणि त्या दोघींची मैत्री एकमेकींची भाषा न कळता झालेली होती. एक मराठीत बोलायची, एक बलुचीत, आणि दोघी एकदम मान हलवायच्या. त्या दिवशी मावशी नुसती खजूर निवडत होती. उम्म जुमाने मला विचारलं, ही गप्प का. मी हिंदीत सगळं सांगितलं, कपाट, खण, गादीखालची किल्ली, सगळं. उम्म जुमाने फक्त एक विचारलं, ती मागतेय का? मी म्हटलं, हो, मागितला. ती म्हणाली, मागितला, खलास. आणि पुन्हा खजुराकडे वळली.

पुढच्या शुक्रवारी जेवणं उरकून आम्ही बसलो होतो. बावतीस अंकल आलेले होते. ते वसईचे, फुजैरातल्या एका हॉटेलात बँक्वेटचं बघायचे, लग्न न झालेले, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी आमच्याकडे माशाचं कालवण खायला यायचे. बाबांना ते भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या मोजमापाच्या वेडाची टिंगल करायचे. थाप पडली. निनाद धावला. उम्म जुमा आत आली, पण नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली नाही. दिवाणखान्यात आली, बाबांच्या समोरच्या सोफ्यावर बसली, सगळ्यांची विचारपूस केली, डोंगराकडच्या ढगांची केली, बकरीची सांगितली. आईने कॉफी केली. आमची कॉफी म्हणजे दुधाची, साखरेची, वर जायफळ किसलेलं. आईने कप तिच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि समोरच्या टीपॉयवर ठेवला. प्यायली नाही.

गप्पा चालू राहिल्या. कॉफीवर साय धरली. आईला वाटलं, जायफळ आवडलं नसेल. तिने आत जाऊन बिनजायफळाची केली. उम्म जुमाने आशीर्वाद दिला, तो कपही घेतला, पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग आईला आठवलं की हिला साखरेचा त्रास आहे, तिने स्वतःच तर रक्त तपासलं होतं. तिसरा कप बिनसाखरेचा आला. तोही रांगेत गेला. आई लाजून अर्धी झाली. बाबा अस्वस्थ होऊन पुढे सरकले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या बाईला काहीतरी काम आहे आणि सांगायला संकोचते आहे. आधी एकदा तिने बकऱ्यांच्या पाण्यासाठी कंपनीतलं रिकामं पिंप मागितलं होतं. तसंच काही असेल. बावतीस अंकल खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी चाललं होतं, ते मी पाहिलं, पण मला उलगडलं नाही.

"अम्मा, पहले पी लो," बाबा म्हणाले. "जो भी काम है, हो गया समझो."

उम्म जुमाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पहिला कप उचलला आणि साईसकट संपवला. मग दुसरा. मग तिसरा, बिनसाखरेचा, गार झालेला. पदराने तोंड पुसावं तसं डोक्यावरच्या शेल्याने पुसलं.

"यमुना का पासपोर्ट," ती म्हणाली.

हे सगळं लिहिताना आज मी एकटीच हसते, पण तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. बाबांनी बावतीस अंकलकडे पाहिलं. अंकलनी अगदी साध्या आवाजात सांगितलं की या लोकांत पाहुणा कॉफी खाली ठेवतो तो काही मागायचं असतं म्हणून, आणि यजमान "पी" म्हणाला म्हणजे त्याने दिलं. न विचारता "पी" म्हणाला तर न विचारता दिलं. आणि दिलं नाही तर गल्लीत पुन्हा त्याच्याकडे कुणी कॉफी पीत नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं ना भाऊ. हॉटेलात पहिल्याच दिवशी शिकवतात."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही मला विचारलं नाही. तिलाही नाही विचारलं काय पाहिजे ते."

बाबा चिडले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तो फाटला. ते म्हणाले की ही रीत तुमची, आमची नाही. ही घरातली बाब आहे. आणि यमुनाबाईला इथे काय कमी आहे ते कुणीही येऊन बघावं. आईने हिंदी जुळवत भर घातली. आजारी पडली तर मी दवाखान्यात नेते, दिवाळीला साडी घेते, एका शब्दाने कधी दुखावली नाही. पासपोर्ट तर नुसता सांभाळून ठेवलाय. उम्म जुमा ऐकत होती. आईचं संपल्यावर तिने हात मांडीवर ठेवले.

"मुझे भी सँभाल के रखा था," ती म्हणाली. "मारते नहीं थे. ईद को कपड़ा देते थे. बुखार में दवा भी. बहुत सँभाल के रखा था."

आई खाली बसली. मला तिचा चेहरा आजही दिसतो, आणि मला तो कुणाला दाखवायचा नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

बाबांनी मग शेवटचं सांगितलं, आणि ते त्यांनी मराठीतच सांगितलं, जणू स्वतःलाच. "माझा पासपोर्ट तरी कुठं माझ्याजवळ आहे? खणात आहे तो घरच्यांचा. माझा कंपनीच्या कपाटात आहे. या बावतीसचा हॉटेलच्या तिजोरीत. इथं सगळ्यांचंच असं आहे."

मी ते हिंदीत करून उम्म जुमाला सांगितलं. बाबांनी मला सांगितलं नव्हतं तसं करायला. ते माझ्याकडे वळले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की घरातली ही गोष्ट या बाईला कुणीतरी सांगितली असणार. हिला कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं. आय टोल्ड हर, मी म्हटलं. ते म्हणाले, आत जा. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी वडिलांचं ऐकलं नाही, आणि काही कोसळलं नाही.

उम्म जुमा बाबांना म्हणाली, "तो तुझे मालूम है कैसा लगता है. फिर भी?"

बाबांना मोजता न येणारी गोष्ट समोर आली की ते चष्मा काढायचे. त्यांनी तो काढला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मावशी बाहेर आली. इतका वेळ ती चौकटीला टेकून होती. हात पिठाचे होते.

"साहेब," ती म्हणाली, "या म्हातारीच्या कॉफीपायी देऊ नका. माझं आहे म्हणून द्या. माझ्या पोरीला माहेर म्हणजे मी. मी जाणारच. पासपोर्ट दिलात तर सांगून जाईन, नाय दिलात तर दुतावासाच्या दारात बसेन."

दूतावास अबुधाबीला होता, पाच तासांच्या वाटेवर, आणि तिला तिथे जायची बस माहीत नव्हती. पण ती गेली असती. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं. आईने उठून, बाबांकडे न बघता, गादीखालची किल्ली काढली. कपाटाचं दार जड होतं, ते उघडताना करकरलं. तिने पासपोर्ट आणला आणि मावशीच्या हातात दिला, पिठाच्याच हातात, निळ्या पुठ्ठ्यावर पांढरी बोटं उठली. आई म्हणाली, माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मीही सातव्या महिन्यात आईकडे गेले होते. एवढंच म्हणाली.

उम्म जुमा उठली, बाबांना "अल्ला तुला बरकत देवो" म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं. बाबा आज ऐंशीच्या घरात आहेत, चिपळूणला असतात, आणि त्यांचं म्हणणं की ते देणारच होते, बायकांनी उगाच तमाशा केला. मी तसं लिहीत नाही, हे त्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने जमा धरली पाहिजे. त्या महिन्यात त्यांनी कंपनीत आपला स्वतःचा पासपोर्ट मागितला. साहेब म्हणाला, मिस्टर सावंत, सिस्टीम आहे. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, उम्म जुमाला धाडू काय त्यांच्याकडं कॉफीला? बाबा हसले. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या घरात मावशी ताट घेऊन टेबलाशी बसायला लागली. कुणी म्हणालं नाही, ती बसली, आणि आम्ही सरकलो.

मावशी गावी गेली ती परत आली नाही. मुलीला मुलगी झाली, नात अशक्त होती, आणि मावशी तिथेच राहिली. आईने दवाखाना सोडला. त्याचं नुकसान खरं होतं. आम्हाला ते वर्ष जड गेलं. कुणीतरी आईला म्हणालं, बघ, म्हणूनच पासपोर्ट ठेवायचा असतो. आई म्हणाली, जिला यायचं नव्हतं तिला ठेवून मी काय केलं असतं? उम्म जुमा त्यानंतर बरीच वर्षं आमच्या मागच्या दाराशी होती. ती गेली तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होते. जुमाने बाबांना सांगितलं की तिच्या मातीला गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या मोलकरणी आल्या होत्या. बायका तिथे कबरस्तानात जात नाहीत, म्हणून त्या बाहेर भिंतीशी उभ्या राहिल्या, आणि त्या जिथे कामाला होत्या त्या घरच्यांनी त्या दिवशी स्वयंपाक स्वतः केला.

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दुबईचा विमानतळ. आम्ही सगळे मावशीला सोडायला गेलो होतो, मसाफीच्या डोंगरातून वळणं घेत, आणि निनादने वाटेत दोनदा उलटी केली. उम्म जुमाने बांधून दिलेले खजूर मावशीच्या मांडीवर होते. काउंटरपर्यंतच्या रांगेत बाबा तिच्यासोबत चालत गेले. आतापर्यंत घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं काउंटरवर बाबाच द्यायचे, आईचीसुद्धा. त्यांनी सवयीने हात पुढे केला.

"द्या इकडे, यमुनाबाई. मी दाखवतो."

मावशीने पासपोर्ट छातीशी धरलेला होता. तिला वाचता येत नव्हतं. कुठलं पान उघडायचं ते माहीत नव्हतं. तिने बाबांकडे पाहिलं, रागाने नाही.

"असू दे, साहेब. दाखवेन मी."

बाबांचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. रांग सरकली. मग तो हात खाली गेला, आणि त्यांनी तिची बॅग उचलली.